ॲक्सोलॉटल थांबू शकतो, बाळाचा मेंदू थांबत नाही

बंगळुरूच्या शिवाजीनगरात बाउरिंग आणि लेडी कर्झन हे जुने सरकारी रुग्णालय आहे. बाळंतपणांसाठी ओळखले जाणारे घोषा रुग्णालयही त्याच भागात आहे. अशा सरकारी रुग्णालयांत हातावर पोट असलेल्या घरांतल्या बायका बाळंत होतात आणि सगळे सुरळीत असेल तर दोन-तीन दिवसांत बाळाला घेऊन घरी जातात. मुंबईत परळला, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गडचिरोलीच्या ग्रामीण रुग्णालयातही चित्र फारसे वेगळे नाही. या दोन-तीन दिवसांत, घरी सोडण्याआधी, प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन त्याची थायरॉईड ग्रंथी काम करते की नाही हे तपासलेच गेले पाहिजे. ही तपासणी एखाद्या डॉक्टरच्या सजगपणावर किंवा आईबापांच्या ऐपतीवर न सोडता सरकारने ती रुग्णालयांवर बंधनकारक करावी, असे माझे ठाम मत आहे. या ग्रंथीचे संप्रेरक वेळेवर मिळणे म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते सॅलमँडर या प्राण्याच्या पाण्यातल्या पिल्लांमध्ये. म्हणून या मागणीचा विचार तिथूनच सुरू केलेला बरा.

सॅलमँडर हा बेडकाचा शेपटीवाला नातलग. सह्याद्रीत बेडकांच्या कितीतरी जाती आहेत, पण सॅलमँडर एकही नाही. भारतात तो दार्जिलिंगपासून ईशान्येपर्यंतच्या डोंगरांतच सापडतो. अंड्यातून निघालेले त्याचे पिल्लू पूर्णपणे पाण्यातला जीव असते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले बाहेर आलेले असतात, शेपटीला वर आणि खाली पातळ पडद्यासारखा पर असतो, डोळ्यांना पापण्या नसतात. एका टप्प्यावर त्याच्या रक्तात थायरॉईडचे संप्रेरक वाढू लागते आणि शरीराची मांडणीच बदलते. कल्ले आखडत जाऊन नाहीसे होतात, त्यांच्या फटी मिटतात, शेपटीवरचा पर विरून जातो. डोळ्यांवर पापण्या येतात, कातडी जाड होते, टाळूची हाडे नव्याने रचली जातात आणि श्वासाचा भार फुफ्फुसांवर येतो. पाण्यातला जीव जमिनीवर राहण्याजोगा होतो. बेडकाच्या काही जातींत तर डबके आटू लागले की पिल्लाच्या मेंदूतूनच इशारा सुटतो, थायरॉईडचे काम वाढते आणि कायापालट लवकर उरकला जातो.

या सगळ्यामागे थायरॉईड आहे हे कळले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. १९१२ मध्ये जे. एफ. गुडरनॅच या संशोधकाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खायला घातली. त्यांची वाढ थांबली आणि वेळेच्या कितीतरी आधी त्यांचे चिमुकले बेडूक झाले. पुढे काही वर्षांतच बेनेट ॲलन याने उलट बाजूने प्रयोग केला. कोवळ्या बेडूकमाशांतून त्याने थायरॉईडचा अंकुरच काढून टाकला. ते बेडूकमासे वाढत राहिले, आकाराने मोठे झाले, पण बेडूक काही झाले नाहीत. संप्रेरक दिले की बदल होतो आणि काढून घेतले की अडतो, अशी दोन्ही बाजूंची साक्ष मिळाली. दरम्यान अमेरिकेत एडवर्ड केंडॉल याने डिसेंबर १९१४ मध्ये हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेच थायरॉक्सिन. आज थायरॉईडच्या लाखो रुग्णांच्या रोजच्या गोळीत हाच रेणू असतो.

मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल हा सॅलमँडर या गोष्टीला वेगळे वळण देतो. तो आयुष्यभर पिल्लाच्याच रूपात राहतो. कल्ले तसेच, शेपटीवरचा पर तसाच, आणि त्याच अवस्थेत तो प्रजननही करतो. १८६० च्या दशकात पॅरिसला नेलेल्या ॲक्सोलॉटलांच्या पुढच्या पिढीतल्या काहींचे कल्ले अचानक गेले आणि ते जमिनीवरचे सॅलमँडर झाले, तेव्हा युरोपातले शास्त्रज्ञ चकित झाले होते. १९२० मध्ये ज्युलियन हक्सले याने ॲक्सोलॉटलांना बैलाची थायरॉईड ग्रंथी खायला घातली आणि काही आठवड्यांतच त्यांचा कायापालट घडवून आणला. ॲक्सोलॉटलला थायरॉईड ग्रंथी असते. मात्र तिला कामाला लावणारा पीयूषिका ग्रंथीचा हुकूम पुरेसा येत नाही. बाहेरून संप्रेरक मिळाले की त्याच्या ऊती ते ओळखतात आणि अडलेले काम पुढे सुरू होते. म्हणजे शरीर तयार होते, कमी होती ती संप्रेरकाची.

हे संप्रेरक काम कसे करते, ते पाहिले की माणसाशी असलेले नाते उलगडते. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः चार आयोडीन अणू असलेले टी-४ तयार करते. पेशींमधली विकरे त्यातला एक आयोडीन काढून अधिक प्रभावी टी-३ बनवतात. टी-३ पेशीच्या केंद्रकात जाते आणि जनुकांवर बसलेल्या ग्राही प्रथिनांना चिकटते. संप्रेरक नसताना हीच प्रथिने त्या जनुकांना दाबून ठेवतात. ते आले की तीच जनुके कामाला लागतात. कोणती जनुके जागी व्हायची, हे प्रत्येक ऊतीचे आधीच ठरलेले असते. म्हणून एकाच रक्तातले एकच संप्रेरक बेडूकमाशाची शेपूट जिरवते आणि त्याच वेळी त्याचे पाय वाढवते. टी-३ आणि टी-४ हे रेणू बेडकात, सॅलमँडरमध्ये आणि माणसात अगदी तेच आहेत. म्हणूनच घोड्याची ग्रंथी खाऊन बेडूकमाशाचा बेडूक झाला. माणसाच्या बाळात हे संप्रेरक कल्ले जिरवत नाही. ते मेंदू घडवते. चेतापेशी आपल्या जागी पोहोचणे, त्यांच्या शाखा फुटणे, एकमेकींशी जोडण्या होणे, तंतूंवर संरक्षक आवरण चढणे, या साऱ्याला त्याचा इशारा लागतो.

यावर कोणी म्हणेल की उभयचरांवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढणे हा शास्त्राच्या नावाखालचा उतावीळपणा आहे. या आक्षेपात एक गोष्ट खरी आहे आणि माझा मुद्दा नेमका तिच्यावरच उभा आहे. ॲक्सोलॉटलला महिन्यांनी, अगदी पूर्ण वाढ झाल्यावरही संप्रेरक दिले तरी त्याचा कायापालट होऊ शकतो. त्याच्या ऊती वाट पाहत बसतात. माणसाच्या बाळाचा मेंदू वाट पाहत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि त्यातही पहिल्या काही आठवड्यांत, जी जोडणी व्हायची ती संप्रेरकाविना राहून गेली तर नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी ती पूर्ण होत नाही. उंची बरीच भरून निघते, शरीर तरतरीत होते, पण बौद्धिक वाढीत पडलेली तूट कायम राहते. बैल गेला आणि झोपा केला, अशीच ही गत. दोघांतले साम्य हे संप्रेरक किती मूलभूत आहे ते सांगते. वेळेचे बंधन आपल्यावर किती कडक आहे, ते मात्र दोघांतला फरक सांगतो.

मग अशी बाळे डॉक्टरांना लक्षणांवरून ओळखता येत नाहीत का, असा प्रश्न येतो. बहुतेकदा येत नाहीत. गर्भात असताना आईचे थायरॉक्सिन वारेतून काही प्रमाणात बाळापर्यंत पोहोचते, त्यामुळे ग्रंथी जन्मतःच नसलेले बाळही जन्मावेळी बहुधा गुटगुटीत आणि निरोगी दिसते. लांबलेली कावीळ, घोगरे रडणे, बद्धकोष्ठता, मोठी जीभ, फुगलेली बेंबी, सतत झोपाळूपणा ही लक्षणे हळूहळू दिसू लागतात. अनेक घरांत शांत बाळ म्हणून त्या झोपेचे कौतुकच होते. लक्षणे ठळक होईपर्यंत मोलाचे आठवडे हातातून गेलेले असतात. म्हणून जगभर एकच मार्ग रूढ झाला आहे, तो म्हणजे लक्षणांची वाट न पाहता सगळ्याच बाळांचे रक्त तपासणे. टाचेच्या कडेला बारीकसा टोचा देतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब टिपकागदावर छापलेल्या वर्तुळांत पूर्ण भरू देतात. कागद उन्हापासून दूर सावलीत तीन-चार तास वाळवला की तो पाकिटातून कुठल्याही प्रयोगशाळेत जाऊ शकतो. तपासतात ते टीएसएच. थायरॉईड कमी पडू लागली की पीयूषिका ग्रंथी तिला हाकण्यासाठी टीएसएच वाढवते. ते फार वाढलेले दिसले की बाळाला परत बोलावून खात्री करायची. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७४ मध्ये अशी तपासणी सुरू झाली आणि पुढे बहुतेक श्रीमंत देशांनी ती स्वीकारली.

भारत या बाबतीत अनभिज्ञ होता असे मुळीच नाही. शिवाजीनगरपासून काही किलोमीटरवरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एन. अप्पाजी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० पासून कर्नाटकात नवजात बाळांच्या रक्ताची तपासणी सुरू केली. अमिनो आम्लांशी संबंधित आजारांसाठी त्यांनी १ लाखाहून अधिक बाळे तपासली. त्याच दशकात मुंबईत परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ हजारांवर नवजात बाळांची थायरॉईडसाठी तपासणी केली आणि साधारण अडीच हजारांत एका बाळाला जन्मजात थायरॉईड-न्यूनता असल्याचे दाखवले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांत १ लाख ४ हजारांहून अधिक बाळे तपासली. तेव्हा हे प्रमाण सुमारे ११३० बाळांत एक असे निघाले. देशात दरवर्षी २ कोटींहून अधिक बाळे जन्मतात. त्या हिशेबाने वर्षाला २० हजारांच्या आसपास मुलांचा हा प्रश्न आहे. त्यांतली किती वेळेत ओळखली जातात, हे बाळ कुठल्या राज्यात आणि कुठल्या रुग्णालयात जन्मले यावर ठरते, आणि मला हेच अन्यायाचे वाटते.

सरकारी धोरणातही हा आजार आहे, पण पर्यायाच्या रकान्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातल्याच पालघरमध्ये झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आजारांची आणि व्यंगांची त्यात यादी आहे. जन्मजात थायरॉईड-न्यूनता, सिकल सेल आणि थॅलेसेमिया हे आजार राज्यांनी आपापली परिस्थिती आणि सोयी पाहून तपासावेत, असे त्यात ठरले. केरळने ती सोय उभी केली. सरकारी रुग्णालयांतल्या बाळांचे नमुने प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांत तपासण्याची व्यवस्था तिथे आहे. गोव्याने तर २००८ मध्येच राज्यभर तपासणी सुरू केली होती. एकाच वेळी अनेक दुर्मीळ आजारांसाठी रक्त तपासले जाई आणि त्यासाठी खासगी प्रयोगशाळेशी करार होता. काही वर्षांनी तो कार्यक्रम खंडित झाला. या दोन राज्यांच्या अनुभवातून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. सुरुवात मोजक्या, उपचार असलेल्या आजारांपासून करावी, आणि प्रयोगशाळा सरकारच्या स्वतःच्या आरोग्य यंत्रणेत असावी.

काही जण म्हणतील की आयोडीनयुक्त मिठाने हा प्रश्न सुटला आहे. मिठाने फार मोठे काम केले, यात शंका नाही. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात सुरू केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध झाले. १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. आईला पुरेसे आयोडीन मिळाले नाही तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, म्हणून मिठाच्या बाबतीत तसूभरही ढिलाई नको. पण जन्मजात न्यूनतेच्या बहुतांश बाळांत थायरॉईड ग्रंथी तयारच झालेली नसते, चुकीच्या जागी लहानशी राहिलेली असते किंवा संप्रेरक बनवण्यातल्या एखाद्या पायरीवर अडखळते. अशा बाळाला घरातल्या मिठातून कितीही आयोडीन मिळाले तरी ते वापरायला ग्रंथीच नीट नाही. मीठ आणि तपासणी या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीने दुसरी भागत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि अग्रक्रमाचा आहे. जिथे कमी वजनाची, जंतुसंसर्ग झालेली बाळे दगावतात तिथे ११३० पैकी एका बाळासाठी एवढा खटाटोप का, असे विचारले जाते. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर उपचाराच्या स्वरूपात आहे. औषध लेव्होथायरॉक्सिन. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि तीन किलोच्या बाळाला दिवसाला ३० ते ४५ मायक्रोग्रॅम एवढेच लागते. गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून पाजायची. शस्त्रक्रिया नाही, अतिदक्षता विभाग नाही, परदेशी इंजेक्शन नाही. जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत हे सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखेच शिकते, नोकरी करते, संसार करते. न झाले तर ते आयुष्यभर परावलंबी राहू शकते, आणि तो भार गरीब घरातली आई एकटीने उचलते. जगवलेल्या प्रत्येक बाळाला त्याची पूर्ण बुद्धीही मिळावी ही अपेक्षा बालमृत्यू कमी करण्याच्या आड येत नाही. ती त्याच कामाचा पुढचा टप्पा आहे.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि डॉक्टर तो हमखास काढतात. जन्मताच बाळाचे टीएसएच झपाट्याने चढते आणि पुढच्या दिवस-दोन दिवसांत उतरते. घाईत रक्त घेतले तर निरोगी बाळही आजारी ठरते आणि आईबाप विनाकारण हादरतात. यावर उपाय ठरलेला आहे. रक्त ४८ तासांनंतर घ्यावे आणि ते जमत नसेल तर जन्मावेळी नाळेतले रक्त घ्यावे. भारतीय बालसंप्रेरकतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच दोन पर्याय देतात. आणि ४८ तासांसाठी लागणारी सोय सरकारने आधीच जाहीर केलेली आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस मोफत आहार मिळण्याची तरतूद आहे. ती नीट पाळली गेली तर बाळ चाचणीच्या योग्य वेळेला रुग्णालयातच असेल. पहिल्या चाचणीत शंका आलेल्या बाळांपैकी काहींचा दुसरा अहवाल निर्दोष येईल, हे मान्य. पण चार दिवसांची काळजी आणि आयुष्यभराचे नुकसान यांत निवड करायची असेल तर कुठल्याही आईचे उत्तर काय असेल, हे सांगायला नको.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अहवाल येईपर्यंत कुटुंब गावी गेलेले असते, फोन लागत नाही, पत्ता अर्धवट असतो. शिवाजीनगरसारख्या भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत तर हे नेहमीचेच. तपासणी करून बाळाचा शोध न घेणे हे तपासणी न करण्यापेक्षाही वाईट, हे मला मान्य आहे. पण बाळाच्या दारापर्यंत जाणारी व्यवस्था आपल्याकडे नाही, असे मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या प्रशिक्षित बायकांकरवी घरोघर नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली. १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशाने तीच पद्धत स्वीकारली. आज आशा कार्यकर्तीने बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. नमुन्याचा अहवाल सातव्या दिवसापर्यंत तिच्या हाती पडला तर चौदाव्या दिवसाच्या आत औषध सुरू होणे शक्य आहे. त्यासाठी तिला वेगळा मोबदला आणि स्पष्ट सूचना मिळाल्या पाहिजेत. नुसते एक काम वाढवून देणे योग्य नव्हे.

म्हणून मागणी नेमकी आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही सरकारांनी जन्मजात थायरॉईड-न्यूनतेची तपासणी ऐच्छिक यादीतून काढून प्रत्येक सरकारी आणि खासगी प्रसूतिगृहावर बंधनकारक करावी. बंधन रुग्णालयावर असावे, आईवर नव्हे. तिला समजावून सांगून तिची संमती घ्यावी. प्रत्येक महसूल विभागात किमान एक सरकारी प्रयोगशाळा या कामासाठी नेमावी आणि अहवाल एका आठवड्यात देण्याची जबाबदारी तिच्यावर टाकावी. लेव्होथायरॉक्सिनच्या लहान मात्रेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असाव्यात, आणि तिसऱ्या वर्षी औषध पुढे लागणार की नाही याची फेरतपासणी मोफत व्हावी. सुट्टीच्या कागदावर लसीकरणाच्या रकान्याशेजारी या चाचणीचाही रकाना असावा आणि तो रिकामा ठेवून बाळाला घरी पाठवण्याची मुभा कुणालाही नसावी. हे संप्रेरक काय करते हे शास्त्राने शतकापूर्वीच दाखवले आणि ते कमी पडले तर काय द्यायचे हेही आपल्याला ठाऊक आहे. आता उशीर झाला तर तो केवळ प्रशासनाचा असेल आणि त्याची किंमत मात्र बोलताही न येणारी बाळे मोजतील. येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद करणे हे दोन्ही सरकारांचे कर्तव्य आहे.